वाचू नका, नुसती सही करा

फंडात पैसे घालायचं ठरवलंय? उत्तम. तुमच्या पाठीशी माझ्यासारखी अनुभवी बाई आहे. अनुभव अगदी ताजा, गेल्या आठवड्यातला. तो मिळवायला मला साडेतीन वर्षांचं शुल्क पडलं, तुम्हाला फुकटात देते.

सगळ्यात आधी, फंड चालतो कसा हे विचारू नका. विचारलंत तर कळेल की अनेकांचे पैसे एका पिशवीत घालायचे, त्यातून शेअर किंवा कर्जरोखे घ्यायचे, संध्याकाळी पिशवीतल्या मालाची किंमत करायची, देणी वजा करायची आणि उरलेल्याला युनिटांच्या, म्हणजे पिशवीतल्या हिश्श्यांच्या, संख्येने भागायचं. झाली एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत. एवढंच असतं हे कळलं की सल्लागाराबद्दलचा आदर उतरतो. उतरू देऊ नका, त्याने टाय घातलेला असतो.

ज्याची एनएव्ही कमी, तो फंड स्वस्त समजा. १२ चं युनिट स्वस्त, ३०० चं महाग. दोन्ही पिशव्यांत तेच शेअर असले आणि दोन्ही १० टक्क्यांनी वाढल्या तर तुमच्या पैशात सारखीच भर पडणार, हा हिशेब चौथीतला आहे. पण तुम्ही चौथी केव्हाच पास झालात.

गेल्या वर्षी पहिला आलेला फंडच घ्या. कंपनीचे सगळेच फंड हुशार कसे, असा प्रश्न मनात आणू नका. जे तळाला जातात त्यांना दुसऱ्या फंडात विलीन करून टाकतात आणि त्यांचं प्रगतिपुस्तकही त्यांच्याबरोबर गडप होतं. नापास मुलांची नावं पटावरून काढली की शाळेचा निकाल १०० टक्के.

इंडेक्स फंडाच्या वाटेला जाऊ नका. निर्देशांकात, म्हणजे बाजाराची चढउतार मोजायच्या यादीत, जे शेअर ज्या प्रमाणात असतील ते त्याच प्रमाणात घेऊन गप्प बसायचं, हे काय काम झालं? १९७६ मध्ये अमेरिकेत जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता. जमले १ कोटी १३ लाख. लोकांनी त्याचं ‘बोगलचा वेडेपणा’ असं बारसंही करून टाकलं. आणि गप्प बसणाऱ्याला पगार कमी लागतो, म्हणून शुल्क कमी. त्यात सल्लागाराच्या वाट्याला काय येणार? थोडी माणुसकी ठेवा.

ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा दिवसभर बाजारात विकला जाणारा फंड, घेतलात तर दर पाच मिनिटांनी भाव बघा. दीर्घ मुदतीची गुंतवणूक अशीच करतात.

क्लोज्ड एंडेड फंडही वाईट नाही. फंड युनिट परत घेत नाही, गिऱ्हाईक तुम्ही बाजारात शोधायचं. पिशवीत १०० चा माल असतो आणि बाजार ८८ ला मागतो. याला डिस्काउंट म्हणतात. एरवी आपण डिस्काउंट घेतो, इथे द्यायचा.

मनी मार्केट फंड, थोड्या दिवसांच्या कर्जांत पैसे घालणारा, म्हणजे तर तिजोरीच, एक डॉलर ठेवा, एक डॉलर न्या. फक्त १६ सप्टेंबर २००८ हा एक दिवस कॅलेंडरमधून फाडून टाका. त्याच्या आदल्या दिवशी लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या बँकेचं दिवाळं वाजलं होतं आणि रिझर्व्ह प्रायमरी या मनी मार्केट फंडाकडे त्यांचे ७८ कोटी ५० लाख डॉलरचे कर्जाचे कागद पडून होते. डॉलरचे ९७ सेंट झाले. तीनच सेंट गेले, पण ‘इथे कधीच काही जात नाही’ असं सांगितलेले लोक दार तोडायला धावले.

हेज फंडाचं, म्हणजे श्रीमंतांचे पैसे घेऊन तेजी-मंदी दोन्हींवर डाव लावणाऱ्या फंडाचं, नुसतं स्वप्न बघा. १९४९ साली आल्फ्रेड विन्सलो जोन्स यांनी पहिला काढला आणि नफ्याचा पाचवा हिस्सा स्वतःला ठेवला. भूमध्य समुद्रात व्यापार करणारे प्राचीन फिनिशियन कप्तानही यशस्वी सफरीनंतर तेवढाच घेत, हे त्यांचं कारण. पुढच्यांनी नफा होवो न होवो, वर दरसाल सगळ्या पुंजीचे आणखी २ टक्के लावायला सुरुवात केली. फिनिशियनांना हे सुचलं नव्हतं, म्हणून ते इतिहासजमा झाले असावेत.

आता माझी खास शिफारस: फंड ऑफ फंड्स. फंडांचा फंड!

तो मला असा मिळाला. समोरच्या सल्लागाराने टॅब्लेट माझ्याकडे सरकवला. “मॅडम, एका फंडात नऊ फंड. निवडायची कटकटच नाही.” मला कटकट नकोच होती. “इथे बोटाने सही करा.” केली. काचेवर बोट घसरलं आणि गांडूळ पावसात बाहेर यावं तशी सही उमटली. “चालेल ना?” मी विचारलं. “धावेल,” तो म्हणाला. चार मिनिटांत सगळं आटोपलं. माहितीपत्रक ईमेलवर आलं, चौसष्ट पानांचं. पहिल्या पानावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं समुद्राकडे बघत होतं. मीही त्यांच्याकडे बघितलं आणि फाइल बंद केली.

एक्केचाळिसावं पान मी गेल्या आठवड्यात उघडलं. खाली तळटीप. तिच्यात फुलीइतकी बारीक चांदणी, आणि त्या चांदणीचा खुलासा पुढच्या पानावर. वरच्या फंडाचं शुल्क १.१ टक्के. आतल्या नऊ फंडांचं सरासरी ०.९ टक्के, वेगळं. नवांपैकी सात त्याच कंपनीचे. सातांतल्या पाचांकडे तेच ते मोठे शेअर. म्हणजे एकच भाजी नऊ वाट्यांत वाढली आणि वाट्यांचं भाडं लावलं, वर वाट्या मांडणाऱ्याचाही पगार. आणि याचं बिल कधी येतच नाही! रोज एनएव्हीतूनच थोडं थोडं कापतात. बिल आलं असतं तर निदान भांडले तरी असते. २ टक्के म्हणजे चिल्लर वाटते ना? बसा हिशेबाला. एक लाख, ३० वर्षं, ७ टक्क्यांनी: ७ लाख ६१ हजार. तेच २ टक्के कापून ५ टक्क्यांनी: ४ लाख ३२ हजार. मधले ३ लाख २९ हजार. जोखीम सगळी माझी, पैसे माझे, रात्रीची झोप माझी आणि जवळजवळ निम्मा नफा त्या तळटिपेचा!

अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी यावर दहा लाख डॉलरची पैज लावली होती. २००८ ते २०१७, दहा वर्षं. एका बाजूला साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत पैसे घालणारे पाच निवडक फंड ऑफ फंड्स. इंडेक्स फंड १२५.८ टक्के वाढला. पाचांतला सगळ्यात चांगला ८७.७ टक्के, सगळ्यात वाईट २.८ टक्के. नऊ वर्षांत २.८, दहाव्या वर्षी तर गाशाच गुंडाळला! तेवढ्या काळात त्याच्या व्यवस्थापकांचे पगार काही थांबले नसणार.

असो. मी शांत आहे. फक्त पैसे परत मागितले. मुदतीआधी बाहेर पडण्याचा एक्झिट लोड कापतील म्हणाले, कापा म्हटलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: अर्ज फेटाळला, सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही.

गांडुळाशी जुळत नाही!

पैसे घेताना गांडूळ ‘धावतं’, आणि देताना तुम्हाला अक्षर सुवाच्य लागतं? लाज वाटत नाही? शुल्क घ्या ना, कोण नको म्हणतंय. पहिल्या पानावर त्या हसऱ्या जोडप्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरात छापा आणि मग घ्या. त्यांना समुद्र दाखवता, आम्हाला आकडा का दाखवत नाही?

आणि तुम्ही, हे वाचून हसताय ते! मोबाइल घेताना तीन रात्री जागून कॅमेऱ्याची तुलना करता, आणि आयुष्याची पुंजी देताना ‘वर्षाला एकूण किती कापणार, आतल्या फंडांसकट?’ एवढं एक वाक्य तोंडातून निघत नाही? समोरच्याला वाईट वाटेल म्हणून? त्याला काही वाटत नाही. मी विचारलं नाही, तेव्हा त्याला किती बरं वाटलं होतं ते मी बघितलंय.

तिसऱ्यांदा अर्ज भरायचाय. काल रात्रभर टॅब्लेटच्या काचेवर बोटाने ते गांडूळ गिरवत होते. शेपटी अजून जमत नाहीये.