कुकरात सोनं विरघळत नसतं, बावा

वणी-घाटंजीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. जुन्या मोबाईलच्या प्लेटा (सर्किट बोर्ड) कुकरमध्ये टाका, बॅटरीचं ॲसिड आणि मूठभर मीठ घाला, दहा शिट्ट्या द्या, प्रेशरनं सोनं-प्लॅटिनम पाण्यात उतरतं. कॅनडात हेच करतात. मोबाईलमागे एक ग्रॅम मिळतं. परवानगी लागत नाही. माझ्या मावसभावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानं पोतंभर हँडसेट जमवले आणि मला फोनवर विचारलं, "दादा, ॲल्युमिनियमचा कुकर चालते का स्टीलचाच पायजे?" मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो, आणि घरचाच पोट्टा हे विचारतो!

कुकरचंच आधी, कारण जीव तिथं जाईल. बॅटरीचं ॲसिड म्हणजे पाणी घातलेलं सल्फ्युरिक. त्यात मीठ पडलं की क्लोराईड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर फोडतं, ॲसिड भांडंच खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. खाली गॅस पेटलेला. शिट्टीतून ॲसिडची वाफ स्वयंपाकघरात येते, आणि प्लेटेचा एखादा तुकडा शिट्टीच्या नळीत अडकला तर झाकण छताला. स्टीलचा कुकरही गरम ॲसिड-मिठापुढे टिकत नाही. कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या बंद टाकीला, आतून ॲसिड न खाणाऱ्या विटांचं अस्तर असतं, नाहीतर ते टायटॅनियमचे असतात; ती हौस नव्हे. मेसेजच्या दुसऱ्या आवृत्तीत नायट्रिक घालायला सांगितलं आहे. त्यातून तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेलेला माणूस आधी थोडा खोकतो, बरं वाटतं म्हणून जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं.

"प्रेशरनं सोनं उतरतं" हेही खोटं. प्रेशरमुळे दोनच गोष्टी साधतात: पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, आणि त्यात ऑक्सिजन जास्त मुरतो. सोन्याच्या खाणींत हट्टी खनिजासाठी असे ऑटोक्लेव्ह वापरतात, साधारण २०० ते २३० अंशांवर. तिथं सल्फ्युरिक ॲसिडात फुटतं ते पायराईट, म्हणजे सोन्याला कोंडून ठेवणारं लोखंड-गंधकाचं खनिज. आत अडकलेलं सोनं मोकळं होतं, पण घनच राहतं. ते विरघळवायला नंतर बहुधा सायनाईड लागतं. चांदीचं तर उलटंच होतं: ती लोहाच्या जॅरोसाईट क्षारात जाऊन आणखी घट्ट अडकते.

आता मिठाबद्दल. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठंतरी काहीतरी वाचलेलं आहे, एवढं नाइलाजानं मान्य करतो. धातू विरघळवायचा म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन ओढून त्याचा आयन करायचा; आम्लात ऑक्सिजनची ही ओढण्याची ताकद १.२३ व्होल्ट. सोन्याचा साधा आयन काढायला १.५० लागतात, म्हणून सोनं ढिम्म. क्लोराईड हजर असलं की ते सुटलेल्या सोन्याला चार बाजूंनी धरतं आणि गरज १.०० व्होल्टवर येते. तिथं ऑक्सिजन पुरतो. कॅनडात विकसित झालेली प्लॅटसॉल पद्धत याच तत्त्वावर आहे: लिटरमागे ५ ते २० ग्रॅम मीठ, वरून दाबानं सोडलेला ऑक्सिजन, सुमारे २२५ अंश, सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम तिन्ही उतरतात. पण २२५ अंशांना नुसत्या वाफेचाच दाब २५ बार होतो. तुझा कुकर जेमतेम १ बारवर, १२० अंशांना शिट्टी देतो. आणि ऑक्सिजन कुठून आणणार, दवाखान्यातून?

समजा, चमत्कार झाला आणि सोनं विरघळलं. प्लेटेत तांबं ढिगानं असतं, आणि जोवर धातूरूपात तांबं शिल्लक आहे तोवर विरघळलेलं सोनं परत त्याच्यावर जाऊन बसतं. ॲल्युमिनियमचं भांडं तेच काम आणखी जोरात करेल. हाती येईल हिरवट-निळं पाणी, तळाला काळा गाळ, आणि जुन्या डाखातलं शिसं. ते पाणी नाल्यात ओतलं की पुढं गुरं पितात.

"मोबाईलमागे एक ग्रॅम" या थापेला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं २००६ चं एक पत्रक पुरे आहे. त्यात बॅटरी वगळून ११३ ग्रॅमच्या सरासरी हँडसेटमध्ये तांबं १६ ग्रॅम, चांदी ०.३५ ग्रॅम आणि सोनं ०.०३४ ग्रॅम दिलं आहे. म्हणजे एका ग्रॅमला तीसेक मोबाईल, आणि दहा ग्रॅमच्या तोळ्याला तीनशे, तेही कण न सांडता. टनाला हिशेब लावला तर ३०० ग्रॅम येतं, खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी पट, हे खरं. म्हणूनच मोठे कारखाने त्यात उतरतात. पोत्यावाल्यांचा हा खेळ नव्हे.

परवानगीचं एका ओळीत: ई-कचरा नियम २०२२, लागू १ एप्रिल २०२३ पासून, रीसायकलिंग करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची.

तेव्हा बाबू, पोतं नोंदणी असलेल्या रीसायकलरला दे, जो भाव येईल तो घे. आणि आजच त्यातल्या फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढ. टोचू नको, ठोकू नको, उन्हात तर अजिबात ठेवू नको.