फुप्फुसाच्या पेशंटनं चालायचंच नाही म्हणे!
गावच्या ग्रुपवर फिरून राहिलं की फुप्फुसाच्या पेशंटनं चालू नये, अन् फुप्फुस बदललेल्यानं तर जन्मभर खाटेवरच राहावं. काहीच्या काही बाप्पा! पडून राहिलं की पायातली ताकद जाते, मग दोन पावलांतच धाप लागते. सीओपीडीवाल्याले (म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागते, तो आजार) फिजिओथेरपिस्ट मुद्दाम चालवतात, आधी ६ मिनिटं चालवून पाहतात, मग व्यायामाले चालवताना बोटाले ऑक्सिमीटर, ऑक्सिजन साधारण ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबवतात. ट्रान्सप्लान्टमध्ये नव्या फुप्फुसाच्या संवेदना नेणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, कफ साचला तरी खोकल्याची उबळ नीट येत नाही, म्हणून मुद्दाम खोकायला लावतात. हो, ऑपरेशननंतर सुरुवातीला वजन उचलू नये, अन् सोयाबीनच्या थ्रेशरजवळ, कुटाराच्या धुळीत तर फिरकूच नये, बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकते.