डॅश एल एम कुठे बसवायचा?

लिंकर नावाच्या प्राण्याची आणि माझी पहिली गाठ इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर पडली. ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल होतं. वर्तुळ काढायचं होतं. कोड सीनियरच्या जर्नलमधून जसाच्या तसा उतरवलेला, म्हणजे तो चुकण्याचा प्रश्नच नव्हता. त्या सीनियरनेही तो त्याच्या सीनियरकडूनच घेतला होता. तरी पडद्यावर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल अंडरस्कोर इनिटग्राफ’. एक्स्टर्नल परीक्षक घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात लॅब असिस्टंट आले, माझ्या खांद्यावरून हात घालून ऑप्शन्स, त्यात लिंकर, त्यात लायब्ररीज असे भराभर आत शिरले आणि ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर एक खूण करून बाहेर पडले. वर्तुळ आलं.

“सर, हे का करायचं असतं?”

“केलं की चालतं.”

त्या चार वर्षांत शिकलेल्यांपैकी एवढं एकच वाक्य मला नोकरीत उपयोगी पडलं.

आमची पुण्यातली छोटी कंपनी साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करते. उसाची ट्रॉली काट्यावर येते, भरलेलं वजन होतं, गव्हाणीकडे ऊस खाली करून ती परत येते, रिकामं वजन होतं, वजाबाकी होते, पावती निघते. एवढंच. पण काट्याच्या केबिनमध्ये एक एआरएम प्रोसेसरचा चिमुकला डबा आहे, त्यावर डेबियन लिनक्स. शेती विभागात विंडोज. पुण्याच्या सर्व्हरवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचीच दुसरी जात. आणि आमच्या साहेबांनी मॅक घेतलाय. त्यावर ते फक्त रिपोर्ट बघतात, पण बघतात. त्यामुळे सी भाषेतला एकच कोड चार ठिकाणी बांधायचा असतो. तो ज्याने लिहिला तो भला माणूस आता परदेशी असतो आणि दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तर देतो, बाकी कशालाच देत नाही.

ज्यांच्या वाट्याला हे भोग आलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपायलर एकेक फाइल घेऊन तिचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. लिंकर ते तुकडे जोडतो, आणि एका तुकड्याने मागितलेली वस्तू दुसऱ्या कुठल्या तुकड्यात किंवा लायब्ररीत आहे ते शोधतो. या दोघांना कमांडच्या ओळीत ज्या सूचना द्यायच्या, ते फ्लॅग. आमची फ्लॅगांची ओळ पडद्यावर मावत नाही. त्यातले निम्मे कशासाठी आहेत ते कुणालाच माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल दोन मतं आहेत.

प्रकरणाची सुरुवात वर्गमुळापासून झाली. ट्रॉली काट्यावर चढली की आकडे थोडा वेळ डुलतात. ते स्थिर झाले का हे ठरवायला मी स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं ठरवलं, म्हणजे एक ‘स्क्वेअर रूट’ आला. मॅकवर कोड बिल्ड झाला. उबुंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. हे जुनं दुखणं आहे. लिनक्सवर गणिताची फंक्शनं वेगळ्या लायब्ररीत असतात आणि ती हवी असली तर ‘डॅश एल एम’ असं लिहावं लागतं. मॅकवर ती सगळी मुख्य सिस्टिम लायब्ररीतच असतात.

आमचा नवा ज्युनियर म्हणाला, “सर, मी चेक केलं. लिनक्सवर पण डॅश एल एम लागत नाही.” आणि त्याने खरंच चार ओळींचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. दोनाचं वर्गमूळ, डॅश एल एमशिवाय, १.४१४२. मी ते पोर निघून जाईपर्यंत गप्प राहिलो आणि मग शोधलं. त्याने आकडा थेट कोडमध्ये लिहिला होता. कंपायलरने तो बघितला, वर्गमूळ स्वतःच काढून ठेवलं, लायब्ररीला विचारायची वेळच येऊ दिली नाही. आकडा चालत्या प्रोग्रॅममधून आला असता तर तोंडघशी पडला असता. ज्युनियर लोकांचे प्रयोग यशस्वी होतात ते असे.

मग मी ओळीच्या सुरुवातीला डॅश एल एम लिहिला. काट्याच्या डब्यावर चालला. उबुंटूवर तोच एरर. दोन्हीकडे लिनक्स, दोन्हीकडे जीसीसी हाच कंपायलर, ओळही एकच.

इथे लिंकरचा स्वभाव सांगायला हवा. लिंकर हा पंगतीतला वाढपी आहे, आणि तो डावीकडून उजवीकडे एकदाच फिरतो. वाटेत माणूस भेटला की त्याला काय हवं ते लक्षात ठेवतो. पातेलं भेटलं की तोवर कुणी मागितलं असेल तेवढंच त्यातून काढतो. आता मठ्ठ्याचं पातेलं आधी आणि मठ्ठा पिणारा नंतर अशी मांडणी असेल, तर पातेल्यापाशी तो म्हणतो, मठ्ठा कुणी मागितलेला नाही, आणि पुढे सरकतो. पुढे माणूस “मठ्ठा! मठ्ठा!” म्हणून ओरडतो. पण मागे वळणं वाढप्याच्या शिस्तीत बसत नाही. पंगतीच्या टोकाला पोचल्यावर तो जाहीर करतो की मठ्ठा नावाचा पदार्थच अस्तित्वात नाही. दोन पातेल्यांना एकमेकांमधलं काही हवं असेल तर ती ‘स्टार्ट ग्रुप’ आणि ‘एंड ग्रुप’ यांच्यामध्ये ठेवून त्याला गोल फिरायला लावावं लागतं, आणि तेही तो सांगितल्याशिवाय करत नाही.

ही शिस्त मुळात स्टॅटिक लायब्रऱ्यांपुरती, म्हणजे ज्यांचा कोड प्रोग्रॅममध्येच भरला जातो त्यांच्यापुरती. शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना बाहेरून जोडली जाणारी, आधी आली तरी लिंकर ती उचलून बरोबर ठेवायचा. पण उबुंटूने २०११ साली, ११.१० या आवृत्तीपासून, ‘अ‍ॅज नीडेड’ हा फ्लॅग न विचारता लावायला सुरुवात केली: मागणी आली नसेल तर लायब्ररी सोडून द्यायची. डेबियनने तो तसा लावलेला नाही. उबुंटू डेबियनमधूनच निघालंय, पण घरातल्या रीती वेगळ्या. तर डॅश एल एम ओळीच्या शेवटी. कुठल्याही लिनक्सवर, नेहमी, शेवटी.

शेवटी ठेवला. उबुंटू शांत झालं. विंडोज म्हणालं, ‘एम डॉट लिब’ नावाची फाइल उघडता येत नाही. बरोबरच आहे. विंडोजवर गणित सी रनटाइममध्येच, म्हणजे सीच्या मूळ लायब्ररीतच असतं, एम नावाचं वेगळं काही नसतंच.

या चार जणांशी एकाच भाषेत बोलता यावं म्हणून आम्ही सीमेक वापरतो. सीमेक २००० साली अमेरिकेत किटवेअर कंपनीत सुरू झालं, वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारं एक सॉफ्टवेअर वेगवेगळ्या मशीनवर बांधता यावं म्हणून. मानवी शरीराच्या आतलं दाखवणाऱ्या प्रकल्पातून निघालेली वस्तू आज उसाच्या ट्रॉल्या मोजते याचं मला कौतुक आहे. पण सीमेक भाषांतर करतं म्हणजे काय, तर ‘विंडोज नसेल तर एम जोड’ असं आपण लिहायचं. म्हणजे चौघांच्या सवयी आपल्यालाच पाठ हव्यात. सीमेक नुसतं दुभाष्याचं मानधन घेतं.

विंडोजचं बिल्ड आमच्याकडे एका शेल स्क्रिप्टमधून चालतं, आणि ती स्क्रिप्ट गिट बॅशमध्ये, म्हणजे विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवणाऱ्या खिडकीत. त्यात मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला वॉर्निंगची पातळी सांगायला ‘स्लॅश डब्ल्यू चार’ लिहिलं होतं. गिट बॅश मूळचं युनिक्सच्या वळणाचं. त्याला स्लॅशने सुरू होणारी कुठलीही गोष्ट फाइलचा पत्ता वाटते. त्याने मोठ्या आपुलकीने त्या फ्लॅगचा विंडोजी पत्ता करून दिला, थेट सी ड्राइव्हपासून. कंपायलरला वॉर्निंगच्या पातळीऐवजी प्रोग्रॅम फाइल्समधल्या, गिटच्या फोल्डरातल्या, डब्ल्यू चार नावाच्या न जन्मलेल्या फाइलचा पत्ता मिळाला. उपाय सोपा निघाला. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर स्लॅशऐवजी डॅशही चालवून घेतो. हे त्यांनी कधीच ठळक अक्षरात का सांगितलं नाही?

त्यापुढची मौज लिंकची. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नाव ‘लिंक’. गिट बॅशमध्येही ‘लिंक’ नावाची एक कमांड असते, पण ती फाइलला दुसरं नाव जोडून देते. तिला दोन नावं लागतात, बाकी जगाशी देणंघेणं नाही. पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या यादीत, तिचा नंबर आधी लागला. आम्ही तिच्या हातात शंभरेक ऑब्जेक्ट (म्हणजे कंपाइल झालेल्या) फाइली आणि डझनभर फ्लॅग ठेवले. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘एक्स्ट्रा ऑपरँड’. मी तो एरर मायक्रोसॉफ्टच्या एररांच्या यादीत शोधत होतो. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचे एरर ‘एलएनके’ आणि चार आकडे असे येतात, आणि हा तसा नव्हता, यातच सगळं होतं. ते शेजारच्या टेबलावरच्या सांगलीकराने पडद्यावर एक नजर टाकून सांगितलं.

“भावा, ह्यो लिंक तुझा न्हवंच.”

मला मात्र हे लिंकर आवडतात. चिडतात, पण थांबतात. भीती वाटते ती गोड बोलणाऱ्यांची. जीसीसीला ‘डब्ल्यू नो’ आणि पुढे त्याने जन्मात न ऐकलेल्या वॉर्निंगचं नाव द्या: अमुक वॉर्निंग देऊ नकोस. जी वॉर्निंग आपल्याला येतच नाही ती देऊ नये ही विनंती त्याला रास्त वाटते आणि तो चकार शब्द काढत नाही. पुढे कधीतरी त्याच फाइलमध्ये दुसरीच काही वॉर्निंग निघाली, की तेव्हा तो हेही काढतो: आणि हो, ते तुमचं मागचं, ते मला कळलेलं नाही बरं का. ‘डब्ल्यू ऑल’ या फ्लॅगने सगळ्या वॉर्निंग लागतात असं समजणारे लोक मी पाहिलेत. त्याच्यानंतर ‘डब्ल्यू एक्स्ट्रा’ आहे, आणि त्यानंतरही पुष्कळ शिल्लक राहतं.

गळीत हंगाम जवळ आला. गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम ठरला, पाहुण्यांची नावं छापून आली, आणि आदल्या दिवशी काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला.

“साहेब, काट्यावर चिमणीबी नाही, आन् तुमचं मशीन अडीच टन दाखवतंय.”

मी आणि सांगलीकर गाडी काढून गेलो. रिकामा काटा. पडद्यावर २,५६० किलो.

काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो. रिकामा असताना तो एक टप्पा जास्त दाखवायचा, म्हणून शून्याच्या दुरुस्तीत उणे एक भरलेला. ही दुरुस्ती आमच्या परदेशस्थ पूर्वसूरींनी ‘चार’ (आकडा नव्हे, कॅरेक्टरचं लघुरूप; एका बाइटचा) प्रकारच्या चलात ठेवली होती. आता सी भाषेत चारला उणे आकडे कळतात की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही. मशीनवर सोडलंय. आमच्या इंटेलच्या मशीनवर कळतात. एआरएमच्या लिनक्सवर कळत नाहीत. तिथे उणे एकचे २५५ होतात, त्यात काट्याचा एक मिळवला की २५६ टप्पे. पुण्यात हे सापडलं नाही, कारण साहेबांचा मॅकही एआरएमचाच, पण अ‍ॅपलने आपल्या एआरएमवर चारला उणे कळतं असं ठरवलेलं आहे.

“पण वजन बरोबरच येईल ना,” मी क्लार्कला म्हणालो. “भरलेल्यातही २,५६० जास्त, रिकाम्यातही तेवढेच. वजाबाकीत उडून जातात.”

“ते तुम्हाला कळतंय. भाईर ट्रॅक्टरवर बसलाय त्याला जाऊन सांगा.”

काटामारी हा शब्द ज्या आवारात कुजबुजला तरी गर्दी जमते, तिथे वजाबाकीचा नियम समजावण्याची माझी हिंमत नव्हती. यावर खरा उपाय म्हणजे कोडमध्ये जिथे जिथे चार आहे तिथे ‘साइन्ड चार’ लिहिणं. तो पुण्याला जाऊन करायचा. जागेवरचा उपाय म्हणजे एक फ्लॅग: ‘एफ साइन्ड चार’. डब्यावर अजून हाताने लिहिलेली मेकफाइल, म्हणजे मेक या प्रोग्रॅमसाठी बांधायच्या कृतीची फाइल आहे. तिच्यात फ्लॅग घातला, मेक म्हटलं. मेक म्हणालं, करण्यासारखं काही नाही.

मेक हा प्रोग्रॅम १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि तो फक्त फाइलींच्या वेळा बघतो. सोर्स नवा असेल तर पुन्हा कंपाइल, नाहीतर झोप. सोर्स तर तोच होता, बदलला होता फ्लॅग, आणि फ्लॅगला त्याच्या हिशेबात वेळच नसते. हे मला माहीत आहे. पण क्लार्क, शेतकी अधिकारी आणि दोन ट्रॅक्टरवाले मागे उभे असताना ‘करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य पडद्यावर येणं बरं दिसत नाही.

“मशीनच म्हणतंय की काही करायचं नाही,” एक ट्रॅक्टरवाला म्हणाला. त्याला इंग्रजी येत होतं.

‘मेक क्लीन’, म्हणजे आधीचं बांधलेलं सगळं पुसायचं, मग परत मेक. डबा छोटा, वेळ लागतो. तोवर चहा आला. मग काट्यावर शून्य आलं. क्लार्कने स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं. ऐंशी किलो दाखवल्यावर त्याची खात्री पटली, पण चेहरा पडला.

पुण्याला परतल्यावर मी ती फ्लॅगांची ओळ साफ करायला घेतली. एकेक फ्लॅग काढायचा, बांधायचं, बघायचं. ‘डॅश एल पीथ्रेड’ काढला तर सर्व्हरवर काहीही बिघडलं नाही. थ्रेडची लायब्ररी २०२१ साली, जीलिबसीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या मुख्य सी लायब्ररीच्या, २.३४ आवृत्तीत तिच्यातच विलीन झाली. पण जगभरच्या लाखो जुन्या ओळींमध्ये डॅश एल पीथ्रेड लिहिलेला, म्हणून त्या नावाची एक फाइल त्यांनी शिल्लक ठेवली. आत काही नाही. लिंकर जातो, रिकामी फाइल बघतो आणि समाधानाने पुढे सरकतो.

“मग काढून टाक की,” सांगलीकर म्हणाला.

“सर्व्हरवर २.३५ आहे. काट्याच्या डब्यावर डेबियन ११, म्हणजे २.३१. तिथे लागतो.”

“मग डबा बदला.”

“कारखान्याने टेंडर काढलं की.”

“म्हणजे राहू दे.”