टॅग टेकवा, नाव सांगू नका

आमच्या वृद्धाश्रमातल्या फोनांचा पासवर्ड पूर्वी सर्वांना पाठ होता. सर्वांना म्हणजे खरोखर सर्वांना. ड्युटीवर आलेली नवी मुलगी अडखळली की खिडकीजवळच्या खाटेवरून आजी सांगायच्या, "अगं, शेवटी दोनदा शून्य." नातवंडांच्या नावांत त्यांची गल्लत व्हायची, पासवर्डात कधी नाही.

या फोनांत असतं काय, तर कुणाला कुठली गोळी कधी, कुणाच्या जखमेचा फोटो, रात्री कुणाची चादर किती वेळा बदलली. माणसाची सगळी लाजच ती. तिला असं उघड्यावर ठेवणं बरोबर नव्हतंच. म्हणून टॅग आले. मनगटावर रबरी पट्टा, त्यात बटणाएवढी चकती. फोन टेकवला की तो उघडतो आणि नोंदीखाली तुमचं नाव पडतं. शिकवायला आलेल्या तरुणाने हे एका क्षणात करून दाखवलं. तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि त्याच्या खांद्यावर कुणीही रेललं नव्हतं.

माझं तसं नसतं. आजोबांना बाथरूमकडे नेताना माझा डावा हात त्यांच्या पाठीमागून पलीकडच्या कमरेपाशी पोचलेला असतो, टॅग त्याच मनगटावर आणि फोन उजव्या हातात. दोघांची भेट घडवायची तर आजोबांना मिठी मारण्यावाचून मार्ग नाही. पहिल्यांदा मारली तेव्हा ते गहिवरले. "काय गं, आज एवढी माया?" मी म्हटलं, "आजोबा, बीपीची नोंद उघडतेय."

चकतीत बॅटरी नसते. फोनच्या चुंबकीय क्षेत्रातून ती तेवढ्यापुरती वीज उचलते, १३.५६ मेगाहर्ट्झवर आपली ओळख सांगते आणि पुन्हा निपचित. हे सगळं चारेक सेंटीमीटरच्या आत. अंतर मुद्दामच कमी ठेवलंय म्हणे. धातू जवळ आला की क्षेत्राचा विचका होतो, आणि आमच्याकडे खाटा लोखंडाच्या, वॉकर अ‍ॅल्युमिनियमचे. त्यात एका फोनची अँटेना पाठीच्या मध्यावर, दुसऱ्याची वरच्या कडेला. शिवाय स्क्रीन बंद असेल तर बहुतेक फोन टॅगकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळ्या जणी आपल्याच मनगटावर फोन फिरवत असतो, नाडी न सापडलेल्या शिकाऊ डॉक्टरासारख्या. एक मात्र मानायला हवं: हातमोजे घालूनही टॅग चालतो. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन हातमोज्याला हिंग लावून विचारत नव्हता.

सुरक्षिततेचं म्हणाल तर स्वस्त टॅग फक्त आपला क्रमांक सांगतो, आणि तो क्रमांक दुसऱ्या चकतीवर उतरवता येतो. जगभर दारं उघडायला आणि प्रवासाच्या पासांत वापरात असलेल्या, याच जातीच्या मायफेअर क्लासिक कार्डांचं कुलूप तर संशोधकांनी २००८ मध्येच फोडून दाखवलं. चांगला टॅग गुप्त किल्ली वापरून दर वेळी नवं उत्तर देतो. आपले कुठले, असं मी त्या तरुणाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमचा मजला कुठला?"

पण टॅग कितीही हुशार असला, तरी तो स्वतःलाच ओळखतो, मनगटाला नाही. आमची एक सहकारी रजेवर गेली आणि पट्टा कपाटात विसरली. बाकीच्यांनी, ज्याचं मनगट बिनटॅगचं त्याने, तो वापरला. महिनाअखेरीच्या बैठकीत नोंदी पाहून तिच्या अखंड कार्यनिष्ठेचं कौतुक झालं. रात्रपाळी तिची, दिवसपाळीही तिचीच, आणि एके दुपारी ती दोन मजल्यांवर एकाच वेळी औषधं देत होती. त्यानंतर टॅगबरोबर पिनही आला. तो आधीच यायला हवा होता, पण आम्हाला विचारतं कोण?

टॅगचा खरा फायदा तो हरवला तेव्हा कळला. पासवर्ड फुटला की सगळ्यांचा बदलावा लागतो. टॅग हरवला तर तेवढाच यादीतून काढायचा, बाकीच्यांची झोपमोड नाही. हरवलेला पट्टा पुढे कपड्यांच्या मशीनमधून धुऊन निघाला, ठणठणीत, पण बाद झालेला. एका निवृत्त आजोबांनी तो हट्टाने मागून घेतला. आता रोज सकाळी ते बाही वर सारून माझ्या फोनला टॅग टेकवतात. फोन केकाटतो, "अनोळखी टॅग." आजोबा मान डोलावतात, हजेरी लागली म्हणून.

परवा त्यांनी रजेचा अर्ज दिला. मंजूर केली नाहीत तर वर तक्रार करीन म्हणाले. नुकसानभरपाईसकट.