हप्ता किती बसतो?

गाडीच्या शोरूममध्ये शिरून आधी किंमत विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. अस्सल सोलापूरकर सीटवर बसून बघतो, आरशात केस सारखे करतो आणि विचारतो, "हप्ता किती बसतो?" तुम्हीही एवढंच विचारा. जास्त विचारलंत तर समोरच्या पोराला कॅल्क्युलेटर काढावा लागतो, आणि दसरा-पाडव्याला त्या बिचाऱ्याच्या मागे आधीच गर्दी असते.

किंमत ही जुन्या लोकांची भानगड. अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणायचे. ज्या गावात गिरण्यांचे भोंगे थांबले तरी यंत्रमागांवर चादरी निघतच राहिल्या, त्या गावाने अंथरुणाची काळजी करायची म्हणजे कमाल झाली. पसरा पाय. अपुरी पडली तर दुसरी चादर हप्त्यावर मिळेल.

व्याज विचारायचंच असेल तर आकडा ऐकून थांबा, त्याच्या पुढचा शब्द कानावर घेऊ नका. "दहा टक्के फ्लॅट" म्हटलं की जुळे सोलापुरातल्या टू बीएचकेसारखं काहीतरी चांगलंच असणार, असं धरून चाला. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के फ्लॅटने घेतले तर महिन्याला ३,६११ रुपये. मुद्दल तुम्ही दर महिन्याला फेडत असता, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पुऱ्या लाखावर चालू राहतं. म्हणून खरा दर जवळजवळ १८ टक्क्यांवर जातो. हे गणित सांगणारा कोणी शेजारी उभा असेल तर त्याला पान आणायला पाठवा.

तसंच ते 'शेकडा'. गल्लीतला सावकार "शेकडा पाच" म्हणतो ते महिन्याचे पाच, वर्षाचे साठ. राज्यात २०१४ पासून सावकारीचा कायदा आहे, त्यात परवाना लागतो, दराला मर्यादा आहे, चक्रवाढ लावता येत नाही. पण रात्री अकरा वाजता बनियनवर बाहेर येऊन पैसे मोजून देणाऱ्या माणसाला परवाना दाखव म्हणायचं? आपल्यात अशी रीत नाही.

मोबाइल मात्र 'बिनव्याजी' हप्त्यावरच घ्यावा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. रिझर्व्ह बँक मुंबईत बसून बोलते, तिला नवी पेठेतली मजा काय कळणार? रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी. एवढं सोडलं तर बिनव्याजीच.

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की त्यावर दोन आकडे दिसतील. मोठा बघून घाबरू नका, तो छापायचा म्हणून छापतात. त्याच्याजवळ 'मिनिमम ड्यू' (निदान एवढं तरी भरा) नावाचा देवमाणूस बसलेला असतो, त्याला नमस्कार करा. समजा ५०,००० थकलेत. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,७५०. त्यावर जीएसटी ३१५. तुम्ही पाच टक्के म्हणजे २,५०० भरलेत आणि कर्ज फेडल्याच्या समाधानात जेवायला बसलात. मुद्दल हललं ४३५ रुपयांनी. शिवाय जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीला ते व्याजमाफीचे दिवस मिळत नाहीत; आज घेतलेल्या शेंगाचटणीच्या पुड्यावर आजपासूनच व्याज. चटणी तिखट लागते ती उगीच नाही. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि फी वेगळी. पण गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवायला रोख लागतेच, तेव्हा अवश्य काढा.

एक आगाऊ गृहस्थ मला म्हणाले, "अहो, घरात सोनं आहे ना? ते बँकेत तारण ठेवा आणि कार्ड एकदाचं फेडून टाका. कार्डाच्या वर्षाकाठी बेचाळीस टक्क्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल." हिशेब चोख होता. पण सोन्याला हात लावायचा तर बायकोला सांगावं लागतं, कार्डाचं सांगावं लागत नाही. दोन्ही व्याजांतला जो फरक आहे ना, ती न सांगण्याची फी. माझ्या पाहण्यातली बरीच महागडी कर्जं पैशाच्या अडचणीपेक्षा या एका संकोचापायीच वाढलेली आहेत. फी परवडते म्हणून लोक भरतात असं नाही. घरात तोंड उघडणं त्याहून महाग वाटतं. असो, हे जरा गंभीर झालं.

सिबिलकडे, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांकडे, लक्ष देऊ नका. लग्न जमवताना छत्तीसांपैकी किती गुण जुळले ते आपण गुरुजींना तीनतीनदा विचारतो, पण हा स्कोअर ३०० ते ९०० असा असतो, एवढी मोठी पत्रिका कोण मांडत बसणार? ७५० च्या वर असला की बँकवाले खुर्ची देतात, खाली असला की "साहेब जेवायला गेलेत" म्हणतात. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. फुकट आहे म्हणून लगेच मागवू नका. दोन हजाराच्या बाकीवरून भांडून बंद केलेलं कार्ड त्यात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड', म्हणजे पुरतं न फेडता मिटवलेलं, असं दिसेल, आणि बँकेने माफ केले म्हणून वाटलेले पेढे घशात येतील.

पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका असतात. गटाचा हप्ता ठरल्या वारी, ठरल्या वेळी. एकीला कमी पडले तर बाकीच्या आपल्यातले काढून देतात आणि पुढच्या आठवड्यात तिला चारचौघींत ऐकवतातही. किती घेतले, किती गेले, किती राहिले, सगळं तोंडपाठ. त्यांच्याकडून काहीही शिकू नका. तुम्ही पदवीधर आहात, तुम्हाला तोंडपाठ असायची गरज नाही, तुमच्याकडे ॲप आहे.

ॲपवरूनच कर्ज घेत असाल तर ते तुमच्या मोबाइलमधले सगळे नंबर मागेल. देऊन टाका. असे नंबर घ्यायला नियमाने बंदी आहे, वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असंही ठरलेलं आहे. पण आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. रोज नेमाने येणारं काहीतरी घरात असावं की नाही?

आता मानाचा विषय, जामीनकी. स्वतःचं कर्ज कोणीही काढतो. दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर मिरवायला माणूस भरवशाचा असावा लागतो. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने अकरा वर्षांत कधी अर्धा चहा पाजला नव्हता. एका संध्याकाळी तो मला गाडीवर घालून पार्क चौपाटीला घेऊन गेला. भजी, चहा, परत भजी. मग शर्टाच्या आतून पतसंस्थेचा फॉर्म निघाला.

"नुसती सही आहे बे. फॉर्मॅलिटी."

मी सवयीने विचारलं, "हप्ता किती बसतो?"

"तुला काय करायचंय? भरणार मी आहे."

मी फॉर्मकडे बघत राहिलो, तसा तो दुखावला. "एवढा काय विचार करायलास बे? आपल्यात असं आहे का?"

आपल्यात तसं नव्हतंच. मी सही केली. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ हे १८७२ पासून सांगत आलंय की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी त्याच्याच दारात जायला हवं असं काही नाही. पण दीडशे वर्षांचं जुनं कलम गरम भज्यांपुढे टिकत नाही. चौदा महिन्यांनी मला सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची, नोटीस आली. सहकाऱ्याची तोवर बदली झाली होती आणि त्याचा फोन 'संपर्कक्षेत्राबाहेर' राहायला गेला होता. पगारातून कपात सुरू झाली तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. हप्ता ४,८०० बसत होता.

त्या कपातीने घरखर्च थोडा मागे पडला, म्हणून कार्ड वापरलं. कार्डाचा देवमाणूस वर्षभर सांभाळला. मग ते मिटवायला आता एका पतसंस्थेत छोटंसं कर्ज घ्यायचं ठरवलंय. तिथली माणसं फार चांगली आहेत.

बरं, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला वेळेवर होतो ना? सहज विचारलं. शनिवारी संध्याकाळी मोकळे असाल तर पार्क चौपाटीला या. चहा माझ्याकडून, भजीही. येताना आधारची झेरॉक्स, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि दोन फोटो तेवढे असू द्या. पेन आणू नका, माझ्याकडे आहे.