कॉलोनायझर व्हायचंय? आधी मुंबई पाहून या

आपल्या इंदूरात शेत घेऊन प्लॉट पाडणाऱ्याला ‘कॉलोनायझर’ म्हणतात, तेही अदबीनं. तुम्हालाही या धंद्यात उतरायचं असेल, तर डायव्हर्शनच्या, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेण्याच्या, फायलीमागे चपला झिजवू नका. मूळ कॉलोनायझरांनी, म्हणजे इंग्रजांनी, मुंबई बंदरात काय केलं ते शिका.

जमीन हवी, असं चारचौघांत कधी बोलू नये. संरक्षण हवं म्हणावं. मुंबईच्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेडचं अख्खं मैदान रिकामं ठेवलं होतं, कारण तोफेच्या माऱ्याआड कुणाचं घर नको. म्हणजे गोळा जाईल तिथवर लष्कराचं! इतकी सोपी मोजणी आपल्या पटवाऱ्याला कधी सुचली नाही. १७९६ मध्ये कुलाब्याला छावणी जाहीर झाली. शत्रू कधी येणार, हे विचारायचं नसतं. आपण तरी इंदूरजवळच्या महूला कुठे विचारलं? १८१८ ला मंदसौरचा तह झाला, होळकरांची शाई वाळली आणि छावणी बसली, ती आजतागायत उठलेली नाही.

व्यापारी असाल तर घाई नको. कापसाच्या गाठी आधी किल्ल्यातल्या ‘ग्रीन’ नावाच्या मोकळ्या मैदानावर रचलेल्या असायच्या. १८४४ ला तो बाजार हलला कुठे, तर कुलाब्याला, छावणीच्याच शेजारी. तिथे बसून वाट पाहायची. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मुंबईत पैसा मावेना आणि इतकी वर्षं शत्रूला अडवणारा तट एकाएकी वारा अडवू लागला. गव्हर्नर फ्रिअरच्या कारकिर्दीत तो पाडला, मोकळ्या जागेचे प्लॉट पाडले. (तट आणि प्लॉट, दोन्हींना मराठीत क्रियापद एकच. भाषेलाही व्यवहार कळतो.) चर्चगेटचं गेट गेलं, नाव तेवढं राहिलं.

जमीन संपली तर समुद्र आहेच. बॅक बे, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेची खाडी, भरायला कंपनी निघाली, शेअरवर लोक तुटून पडले. १८६५ ला युद्ध थांबलं, कापूस कोसळला आणि कंपनीही बुडाली. तेव्हा भर पडण्याआधी शेअर विकून मोकळं व्हायचं, एवढं डायरीत लिहून ठेवा.

हो, कोळी राहिलेच. जमिनीसाठी लष्कर आणि व्यापारी यांच्यात चाललेल्या ओढाताणीत ते पक्षकारच नव्हते. पण कुलाबा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं म्हणतात. हेही शिकून घ्या: आमराई तोडून झाली, की कॉलनीच्या कमानीवर ‘आम्रकुंज’ लिहायला विसरू नका.