काटकोनातली तापी

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेचा काळा फळा गाडला गेला. मोडला नाही, काढलाही नाही. तो भिंतीतच सिमेंटनं बसवलेला, काढायचा तर भिंत पाडावी लागली असती. म्हणून त्याच्याच छाताडावर ड्रिल मारून पंचाहत्तर इंची स्मार्ट फळा ठोकला. बसवायला आलेल्या पोराला मी म्हटलं, "भाऊ, शेजारची भिंत रिकामी आहे, तिच्यावर लाव ना." तो म्हणाला, "सर, पॉइंट इकडं आहे आणि वायर दीड मीटरची आहे." झालं. जुन्या फळ्याची आता चारी बाजूंनी वीतभर काळी पट्टी तेवढी दिसते. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, अमळनेर तालुक्यातली. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच. प्रभार म्हणजे शाळेच्या किल्ल्या, खिचडीच्या तांदळाचा हिशेब आणि एकूण एक पासवर्ड.

स्मार्ट फळा आला तो ग्रामपंचायतीच्या निधीतून. उद्घाटनाला नारळ होता. तो फळ्यावर फोडायचा नाही, एवढं मी आदल्या दिवशीच सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. सरपंच नानांनी भाषण केलं. त्यांचं भाषण कुठल्याही विषयावर असो, एक वाक्य ठरलेलं असतं: "विप्रो कंपनी कोठे निंघनी? आपला अमळनेरमा!" हे खरं आहे. १९४५ साली ती अमळनेरात निघाली, पण वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून. नाना तेलाचा भाग गाळतात. त्यांच्या मते कॉम्प्युटर हे आपल्या तालुक्याचंच पीक आहे, मध्यंतरी बाहेर गेलं होतं, आता माहेरी आलं.

तसं तंत्रज्ञान आमच्याकडे आधीही पाहुणं म्हणून येऊन गेलंय. १९८७ साली केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य, असा तिचा बेत. म्हणजे शाळेला फळा मिळावा म्हणून एकेकाळी दिल्लीहून मोहीम निघाली होती, हे नव्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा कपाटात टीव्ही होता. त्यानंतर संगणक आला. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचं. त्याला बाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. दसऱ्याला त्याच्यावर आपट्याची पानं, झेंडूचा हार आणि कुंकू. कुंकू एकदा कीबोर्डात गेलं आणि 'ह' हे अक्षर कायमचं बसलं. त्या वर्षीच्या सगळ्या पत्रांत मी "मोदय" असंच लिहीत होतो. कुणी हरकत घेतली नाही, यावरून पत्रं किती वाचली जातात तेही कळलं.

मग लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, चाळीस अंशांपर्यंत चालेल. खान्देशात एप्रिलमध्ये चाळीस अंश म्हणजे गारवा असलेला दिवस. सकाळची शाळा असूनही दहा वाजता तो धापा टाकायला लागायचा, लाल दिवा लावायचा आणि डोळे मिटायचा. मुलं म्हणायची, "गुर्जी, तेले पानी पाजा." थंडीत तो चालायचा, पण तेव्हा उजेडाची अडचण. खिडक्यांना खताच्या गोण्या लावून अंधार केला की चित्र छान दिसायचं, आणि तिसरीचा अख्खा वर्ग पाचव्या मिनिटाला झोपायचा. पहाटे घरच्यांबरोबर कापूस वेचून आलेलं पोर अंधारात दुसरं काय करणार? मीसुद्धा दोनदा पेंगलो. एकदा बाईंनी येऊन उठवलं.

हे सगळं अजून कपाटात आहे. टाकून देता येत नाही, कारण डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद आहे. डेडस्टॉकमधून वस्तू काढायची तर तिचं 'निर्लेखन' व्हावं लागतं. त्याचा प्रस्ताव मी पाठवला आहे. टीव्हीचा आधीच्या गुरुजींनी पाठवला होता, संगणकाचा मी. दोन्ही प्रस्ताव कुठंतरी शेजारी शेजारी झोपले असतील, अंधाऱ्या वर्गातल्या तिसरीसारखे. बॅटरी फुगून लाटलेल्या पोळीसारखा टम्म झालेला एक टॅबही त्यात आहे. त्याच्या जवळ जायला बाई घाबरतात.

तर स्मार्ट फळा. तो चालू करायचा म्हणजे आधी लॉगिन, आणि लॉगिनला ओटीपी. ओटीपी जातो आमच्या निवृत्त अण्णा गुरुजींच्या मोबाईलवर, कारण शाळेची पहिली नोंदणी झाली तेव्हा प्रभार त्यांच्याकडे होता. अण्णा आता मुलाकडे सुरतेला असतात. नंबर बदलून मिळावा म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं की नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर आलेला ओटीपी टाकावा.

मग रोज दहाला मी अण्णांना फोन लावायचा.

"अण्णा, नमस्कार. ओटीपी आलाय का बघता?"

"कोण? हां, बोल रे भो. पाऊस पडला का तिकडं?"

"पडला अण्णा. ओटीपी..."

"थांब, चष्मा पाह्यतो. कपाशी कशी आहे यंदा?"

"बरी आहे. अण्णा, तो पाच मिनिटंच चालतो."

"कपाशी?"

"ओटीपी, अण्णा."

मग आकडे यायचे. अण्णा जुने गणिताचे शिक्षक, आकडे सुटे सांगत नाहीत. "लिही, चार लाख सत्तावीस हजार नऊशे आठ." मी ते आकड्यांत मांडून टाकेपर्यंत फळा म्हणायचा, मुदत संपली. पुन्हा मागवा. पुन्हा फोन. दुसऱ्या फोनला अण्णा विचारायचे, "अरे, पाण्याचं विचारायचं राह्यलं. नळ येतो का आता?" मला कधी कधी वाटतं, सुरतेत बसलेल्या अण्णांना गावाशी जोडून ठेवणारं एकमेव यंत्र म्हणजे आमचा फळा. त्या हिशेबानं तो चालला असंच म्हणावं लागेल.

फळ्याला आवाजही कळतो. बसवणाऱ्या पोरानं दाखवलं होतं: माईकचं चिन्ह दाबा, बोला, तो शोधतो. चौथीतला एक पोरगा पुढं आला. या पोराला आम्ही वायरमन म्हणतो, कारण शाळेत काहीही बंद पडलं की पहिला तोच पोचतो. त्यानं माईक दाबला आणि मोठ्यानं हुकूम सोडला, "माले वाघ दखाड!" आता अहिराणीत 'माले' म्हणजे मला. फळ्याच्या लेखी माले म्हणजे मालदीवची राजधानी. निळा समुद्र, पांढरी वाळू, पाण्यावर हॉटेलं. पोरं गप्प. मग मागून आवाज आला, "ना भो, यामा वाघ कोठे शे?" त्या दिवसापासून माझ्या चौथीला मालदीवची राजधानी पाठ आहे. वाघ अजून दिसलेला नाही. बाईंचं मत असं, की पोरांनी प्रमाण मराठीत बोलावं. माझं मत असं, की पंचाहत्तर इंची वस्तूनं 'माले' तरी शिकून यावं.

गावाच्या अपेक्षा तर विचारूच नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकले. फळा आल्यापासून शाळा व्यवस्थापन समितीतले एक आप्पा मला दर बैठकीत विचारतात, "गुर्जी, आपला नंबर कव्हय?" आणि वर सल्ला, "पन तुम्ही निम्मे वाटू नका हां."

आता मुख्य प्रकरण. ऑगस्टात निरोप आला, साहेब स्मार्ट वर्ग बघायला येणार. त्या दिवशी अण्णांना मी नऊलाच फोन करून कपाशी, पाऊस, नळ आणि दुधाचा भाव हे सगळे विषय आधीच संपवून घेतले. फळा चालू झाला. साडेअकराला साहेब आले, मागच्या बाकावर बसले, गुडघे छातीला लागलेले. विषय तिसरीचा, आपला जिल्हा. फळ्यावर जळगाव जिल्ह्याचा कोरा नकाशा घेतला, पेन निवडला आणि बोटानं तापी काढायला लागलो. उजवीकडून डावीकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे, वर सातपुडा.

आणि माशी बसली.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल. या फळ्याच्या काचेला स्पर्श कळत नाही. त्याच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे बारीक दिवे ओळीनं बसवलेले असतात आणि समोरच्या कडेला ते किरण झेलणारे. काचेलगत उभ्या-आडव्या किरणांची अशी जाळीच असते. बोट मधे आलं की दोन्ही दिशांचे किरण अडतात आणि कुठं अडले ते फळ्याला कळतं. मधे आलेलं बोट गुरुजींचं की पाय माशीचा, याची चौकशी तो करत नाही. आणि आमच्या वर्गाला लागून खिचडीची चूल. शिवाय फळा गरम, उजेडाचा. माशीला अजून काय पाहिजे?

ती चोपड्याच्या बाजूला सातपुड्यावर उतरली. तिथून चालत निघाली. तिच्या मागं निळी रेघ. सातपुडा उतरून ती तापीला आडवी गेली, अमळनेर तालुक्यात शिरली आणि आमच्या गावाच्या आसपास थांबून पुढचे दोन पाय एकमेकांवर चोळायला लागली. जिथं पाय चोळले तिथं निळा गिचमिडका झाला. तळं! तालुका पाडळसऱ्याच्या धरणाची वर्षानुवर्षं वाट बघतोय, आणि हिनं अर्ध्या मिनिटात पाणी आणून साठवूनही दिलं. वर्गात आनंदीआनंद. "गुर्जी, माशी बठनी! गुर्जी, पानी उनं!"

साहेब चष्मा सावरत म्हणाले, "हे काय, प्रस्तावित कालवा दाखवताय का?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो आहे, साहेबांनी स्वतःहून दिलेलं उत्तर नाकारायचं नाही. "हो साहेब. ॲनिमेशन आहे."

"छान. पुढं चालू द्या."

पुढं चालू देणं माझ्या हातात असतं तर ना! माशी धुळ्याच्या हद्दीकडे वळली. मी बोलता बोलता, सहज हात फिरवल्यासारखा, तळवा तिच्यावर मारला. माशी उडाली. पण या फळ्याला बोट म्हणजे पेन आणि तळवा म्हणजे डस्टर. त्यामुळे मी मेहनतीनं काढलेली तापी भुसावळपासून पुढं साफ पुसली गेली. माशीचा कालवा मात्र जसाच्या तसा. दुसरा तळवा मारला, तर गिरणा गेली. जिल्ह्यात आता माशीचंच पाणी तेवढं शिल्लक होतं.

तेवढ्यात देव पावला. "लाईट गयी!" अशी एकच आरोळी उठली. फळा काळा पडला. यूपीएस टीं टीं करत दोन मिनिटं जिवंत राहिला आणि मग तोही गेला. साहेब उठले. बाईंनी शेवभाजी आणि भाकरीची तयारी ठेवली होती, ते ऑफिसात गेले. शेरेबुकात लिहून गेले: "तंत्रज्ञानाचा अध्यापनात वापर समाधानकारक. स्थानिक संदर्भांचा समावेश विशेष उल्लेखनीय." खाली सही, शिक्का.

पण पोरं बसलेलीच होती आणि तापी अर्धवट. खडू होता, फळा नव्हता. म्हणजे होता, पण गाडलेला. मग मी ती वीतभर पट्टी वापरायला घेतली. स्टुलावर चढलो आणि स्मार्ट फळ्याच्या वरच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यातून तापी सोडली. "ही मुलताई, मध्य प्रदेशात. इथं नदी उगम पावते." पुढं भुसावळ, मग आमचा तालुका उजव्या हाताला ठेवत, छे, डाव्या हाताला, स्टुलावर उभं राहिलं की दिशा फिरतात, अशी नदी डाव्या कोपऱ्यापर्यंत आली. तिथं पट्टी संपली आणि समुद्र अजून यायचा होता. नाइलाजानं मी तापीला काटकोनात खाली वळवलं, डाव्या पट्टीतून दोन वीत उतरवलं आणि तिथं सुरत लिहिलं. "७२४ किलोमीटर. अरबी समुद्राला मिळते." पोरांनी माना डोलावल्या आणि वहीत उतरवून घेतलं. सुरत लिहिताना अण्णांची आठवण झाली, म्हणून त्यांचं घर म्हणून एक चौकोनही काढला. त्याचा पुढं असा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

घटक चाचणीत प्रश्न होता: तापी नदीचा प्रवाह दाखवा. तिसरीच्या नऊच्या नऊ मुलांनी तापी पानाच्या वरच्या कडेनं नेली आणि डाव्या कोपऱ्यात पट्टीनं आखून काटकोनात खाली वळवली. सात जणांनी समुद्राजवळ चौकोन काढून आत 'अण्णा' लिहिलं. मी लाल पेन घेऊन बराच वेळ बसलो. चूक कुणाची धरायची? शेवटी सगळ्यांना पाचपैकी पाच दिले.

एका पोरीच्या पेपरात नदीच्या मधोमध एक शाईचा ठिपका होता, सहा बारीक रेघा काढलेला. तिला बोलावून विचारलं, "हे कोणतं गाव गं?"

ती म्हणाली, "गाव नही गुर्जी. ती तुमनी माशी शे."